संगणक अचानक बंद पडतो? कारण शोधू या!



आपल्या कष्टकरी वस्त्यांतून आता घरोघर संगणक दिसू लागला आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. आमच्या राजगुरुनगरात, म्हणजे जुन्या खेडात, चाकणच्या कारखान्यांत पाळीने काम करणारी शेकडो कुटुंबे राहतात. बाप लाइनवर, आई पॅकिंगला किंवा कॅन्टीनला, आणि घरात कॉलेजला जाणारी दोन मुले. अशा घरातला संगणक बहुधा नवा नसतो. कुठल्या तरी कचेरीने मोडीत काढलेला, कुणा ओळखीच्याने आणून दिलेला, हप्त्याहप्त्याने पैसे फेडलेला असा तो असतो. परंतु त्यावरच मुलगी मराठी टायपिंगचा सराव करते, टॅली शिकते, मुलगा स्पर्धा परीक्षेचे प्रश्न सोडवतो. शिष्यवृत्तीचा अर्जही महाडीबीटीवर त्यावरूनच भरला जातो. मोबाईलवर पुष्कळ कामे होतात हे खरे, पण टायपिंगची परीक्षा मोबाईलवर होत नाही आणि हिशेबाची वहीही त्यावर नीट लिहिता येत नाही.

आणि मग एके दिवशी तो संगणक चालता चालता फटकन बंद पडतो. अर्धा भरलेला अर्ज जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरात वाद सुरू होतात. बाप म्हणतो, "पोरांनी गेम खेळून बिघडवला." शेजारी म्हणतो, "व्हायरस शिरला असेल." एखादी म्हातारी म्हणते, "नजर लागली." दुकानदार न उघडताच सांगतो, "मदरबोर्ड गेला, नवाच घ्या." चौघांनी चार गोष्टी सांगितल्या, पण कारण कुणीच पाहिले नाही.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना काय सांगितले, ते आपण विहारात अनेकदा ऐकले आहे. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही खरे मानू नका, स्वतः तपासून पाहा आणि मग स्वीकारा. हा उपदेश घरातल्या यंत्रालाही तितकाच लागू पडतो. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण नाहीसे केले की दुःख नाहीसे होते, आणि त्यासाठी मार्ग आहे. संगणकाच्या दुखण्याचेही तसेच आहे. कारणावाचून तो बंद पडत नाही. कारण शोधायला इंजिनिअर लागतोच असे नाही. एक वही, एक स्क्रू ड्रायव्हर आणि थोडा धीर एवढे सामान निम्म्या कामाला पुरते.

पहिले काम : जे आहे ते वाचवा

दुरुस्तीच्या आधी मुलांची कागदपत्रे सांभाळा. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक यांच्या प्रती, तसेच अभ्यासाच्या नोंदी, हे सारे आजच पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. वारंवार झटक्याने बंद पडणाऱ्या संगणकातील हार्ड डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही. यंत्र दुसरे मिळते, पण गेलेले दाखले पुन्हा गोळा करायचे म्हणजे तहसीलच्या खेपा आणि बुडालेल्या पाळ्या!

दुसरे काम : वही घाला

वहीत पाच-सहा दिवस नोंद ठेवा. संगणक किती वाजता बंद पडला? सुरू केल्यावर किती मिनिटांनी? त्या वेळी काय काम चालले होते? घरात त्याच क्षणी मिक्सर, फ्रिज किंवा पाण्याची मोटर सुरू झाली का? बटण दाबल्यावर तो लगेच चालू झाला की दहा मिनिटे थांबावे लागले?

कसा बंद पडला, हेही लिहा. दिवा विझावा तसा एकदम गेला, तर दोष बहुधा विजेचा, उष्णतेचा किंवा आतल्या एसएमपीएसचा असतो. निळा पडदा दिसून तो आपोआप पुन्हा सुरू झाला, तर रॅम, हार्ड डिस्क किंवा एखाद्या प्रोग्रॅमचा दोष असू शकतो. 'बंद होत आहे' असे सांगून रीतसर बंद झाला, तर सेटिंग पाहा, किंवा पुढचे बटण आत अडकते का ते पाहा. आणि फक्त पडदा काळा झाला पण डब्यावरचा दिवा चालू असेल, तर संगणक बंद पडलेलाच नाही. तो झोपेत गेला आहे किंवा मॉनिटरची वायर सैल आहे.

आमच्या ओळखीच्या एका घरातील गोष्ट सांगतो. त्यांचा संगणक रोज संध्याकाळी बंद पडे, सकाळी मात्र तासन्‌तास चाले. एका दुकानदाराने मदरबोर्ड बदलायला सांगितला. आईने पैशांसाठी बचत गटाकडे शब्दही टाकला होता. मुलगी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत जवळ आलेली. तिने वही घातली. सहा दिवसांपैकी पाच दिवस संगणक सात ते साडेसातच्या दरम्यान गेला होता. तीच वेळ नळाला पाणी येण्याची आणि आळीतल्या मोटारी सुरू होण्याची! सातव्या दिवशी तिने भावाला हाताशी धरले, संगणक उचलून पलीकडच्या आळीत मावशीकडे नेला आणि त्याच वेळी लावला. तीन तास चालला, एकदाही बंद पडला नाही. म्हणजे मदरबोर्ड निर्दोष ठरला. घरातला एक्स्टेन्शन बोर्ड उघडून पाहिला तेव्हा आतली पितळी पट्टी सैल होऊन काळी पडलेली निघाली. त्याच बोर्डावर घरची मोटरही होती. मोटरने ओढ घेतली की त्या सैल जोडावर दाब पडे आणि संगणकाला वीज पुरेशी पोचत नसे. नवा बोर्ड घेतला, मोटर वेगळ्या सॉकेटवर नेली, काम झाले. मदरबोर्डाचे हजारो रुपये वाचले आणि अर्जही मुदतीत गेला. त्या मुलीने फक्त घडले ते लिहून ठेवले आणि एक गोष्ट बदलून पाहिली.

बाहेरून आत चला

तपासणी नेहमी बाहेरून आत करावी. आधी भिंतीतले सॉकेट, मग बोर्ड, मग वायर, मग डबा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या गोष्टीने गुण आला ते कळत नाही.

पिन सॉकेटमध्ये घट्ट बसते का? पिन गरम लागते का? बोर्डाला जळकट वास येतो का? डब्यामागची जाड काळी वायर पुरती आत गेली आहे का? घरगुती वीज २३० व्होल्टची असते आणि त्यात ६ टक्के कमी-जास्त चालते, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. आपल्या वस्तीतले आयटीआय झालेले वायरमन मीटर लावून दोन मिनिटांत मोजून देतात. मोजायचे ते दुपारी नव्हे, ज्या वेळी संगणक बंद पडतो त्याच वेळी. संध्याकाळी दिवे पिवळे पडत असतील आणि सगळ्या आळीची तीच रड असेल, तर तक्रार एकट्याने न करता दहा घरांनी सह्या करून महावितरणकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. १९१२ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

डब्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखा झटका बसत असेल, तर घरात अर्थिंग नाही किंवा तुटले आहे असे समजा. अशा वेळी संगणक वापरू नका, लहान मुलांना जवळ जाऊ देऊ नका. आधी अर्थिंग करून घ्या. इथे काटकसर म्हणजे जिवाशी खेळ होय.

यूपीएस असेल तर तो एक दिवस काढून ठेवा आणि संगणक थेट सॉकेटवर चालवून पाहा. बंद पडायचे थांबले, तर दोष यूपीएसचा. त्यातली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि वीज गेली की क्षणभरही भार पेलत नाही. नुसती बॅटरी बदलता येते, पूर्ण यूपीएस टाकण्याची गरज नसते.

पत्र्याची खोली आणि चाकणची धूळ

आपल्याकडच्या संगणकांचा मोठा शत्रू उष्णता आहे. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी माणसाला बसवत नाही, मग यंत्राला कसे बसवेल? त्यात पुणे-नाशिक रस्त्यावरच्या अवजड गाड्यांची, बांधकामांची धूळ. खोली एकच असेल तर फोडणीचा धूर आणि तेलाचे कण. हे सारे आतल्या पंख्यावर बसते आणि लोकरीसारखा थर तयार होतो. वर आपण त्या डब्यावर हौसेने विणलेला रुमाल घालतो, त्याला कपाटाच्या खणात कोंबतो. त्याने बिचाऱ्याने श्वास घ्यावा कुठून?

आतला प्रोसेसर तापत गेला की आधी आपला वेग कमी करतो, आणि साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास, काही यंत्रांत त्याहून आधीच, जळू नये म्हणून स्वतःहून संगणक बंद करतो. म्हणजे हे बंद पडणे त्याच्या बचावाचेच आहे. याची खूण अशी : सुरू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी बंद पडतो, लगेच सुरू केला तर आधीपेक्षा लवकर बंद पडतो, आणि सकाळच्या गारव्यात जास्त टिकतो. आतला पंखा जोरात घरघरतो किंवा मुळीच फिरत नाही.

सफाई घरी करता येते. संगणक रीतसर बंद करा, पिन भिंतीतून काढा, मग पुढचे बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. डबा ओट्यावर, अंगणात न्या. बाजूचा पत्रा उघडा. रंगकामाच्या मऊ कोरड्या ब्रशाने धूळ झाडा. ब्लोअर मिळाला तर उत्तम, पण वारा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, ते भरमसाट फिरू देऊ नका. ओले फडके लावू नका. प्रोसेसरवरचा पंखा खाचांच्या धातूच्या ठोकळ्यावर बसवलेला असतो. त्या ठोकळ्याच्या खाचाही साफ करा. ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते, ती काही वर्षांत सुकून खडूसारखी होते. ठोकळा काढलाच तर जुनी पेस्ट पुसून तुरीच्या डाळीएवढा नवा ठिपका लावावा लागतो. हे पहिल्या वेळी जाणत्या माणसाकडून करून घ्या आणि मुलांना शेजारी उभे करून बघू द्या.

मग डबा जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. चुलीच्या बाजूला नको. रुमाल चालू असताना काढून ठेवा, बंद झाल्यावर घाला. लॅपटॉप असेल तर तो गादीवर, गोधडीवर ठेवून वापरू नका, कारण त्याच्या श्वासाची भोके बहुधा खालीच असतात.

डब्याच्या आत

वीज ठीक, सफाई झाली, तरी बंद पडतो, तर एसएमपीएसकडे वळा. डब्यामागे जिथे वायर लागते तो लोखंडी चौकोन म्हणजे एसएमपीएस. घरातली वीज संगणकाला चालेल अशी करून देणे हे त्याचे काम. जुना किंवा हलका एसएमपीएस साध्या टायपिंगला पुरतो, पण व्हिडिओ किंवा मोठा प्रोग्रॅम सुरू झाला की धाप लागून बसतो. जळका वास, करकर आवाज, बटण दाबल्यावर पंखा एकदा हलून थांबणे, या त्याच्या खुणा. परीक्षा सोपी आहे : चांगला माहीत असलेला दुसरा एसएमपीएस लावून पाहायचा. मात्र एक गोष्ट ठामपणे सांगतो. एसएमपीएसचा डबा घरी कुणीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात जीवघेणी वीज साठून राहते. आणि त्याच्या मागे ११५/२३० असे लिहिलेले लाल बटण असेल तर ते २३० वरच राहू द्या. मुलांनी खेळता खेळता ते सरकवले तर एसएमपीएस जळतो.

रॅमची पट्टी धुळीने किंवा गंजाने नीट टेकत नसेल, तरी संगणक निळा पडदा दाखवून पडतो. पिन काढून, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून पट्टी बाहेर काढा, सोनेरी टोके शाळेच्या खोडरबराने हलकेच घासा, भुसा झटका आणि 'टक्' आवाज होईपर्यंत पुन्हा बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. विंडोजमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' नावाची तपासणी आधीपासूनच असते, ती फुकट आहे.

मदरबोर्डवर नळकांड्यासारखे छोटे कपॅसिटर असतात. त्यांचे डोके सपाट हवे. डोके फुगलेले किंवा तपकिरी चीक आलेला दिसला तर मदरबोर्डाची शंका रास्त. २००० सालानंतरच्या काही वर्षांत जगभर सदोष कपॅसिटर असलेली यंत्रे विकली गेली होती. तशी जुनी यंत्रे मोडीच्या बाजारात अजूनही सापडू शकतात. जुना संगणक घेताना पत्रा उघडून एवढे पाहायला काय हरकत आहे? घड्याळ रोज मागे जात असेल तर बिल्ल्यासारखी छोटी ३ व्होल्टची बॅटरी संपली आहे. ती बदला, पण चालता संगणक बंद पडण्याचे कारण सहसा ती नसते.

संगणक स्वतःही वही लिहितो, हे थोड्यांना ठाऊक असते. विंडोजच्या शोधपट्टीत 'इव्हेंट व्ह्यूअर' लिहिले की ती उघडते. त्यातल्या 'सिस्टीम' या भागात 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसली, तर अर्थ एवढाच की संगणक रीतसर बंद न होता गेला. का गेला ते ती नोंद सांगत नाही, पण तारीख-वेळ अचूक सांगते. आपली वही आणि त्याची वही जुळवून पाहावी. आणखी एक : विंडोज १० चा नियमित आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. सुरक्षेच्या दृष्टीने त्याचा विचार करावा लागेलच. परंतु 'विंडोज जुने झाले म्हणून यंत्र बंद पडते' असे सांगून कुणी नवा संगणक गळ्यात मारत असेल तर ते मान्य करू नका.

दुकानात जाताना

एवढे करूनही दुखणे राहिले तर दुकानात जरूर जा. सारेच दुकानदार फसवतात असे नव्हे, प्रामाणिक कारागीर आपल्याच वस्तीतही आहेत. पण वही बरोबर न्या. "बंद पडतो, बघा" असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला एक भाव असतो. "वीज मोजली, यूपीएस काढून पाहिला, पंखा साफ केला, तरी पंचवीस मिनिटांनी जातो" असे सांगणाऱ्याला दुसरा. आधी खर्चाचा अंदाज लेखी घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. पक्के बिल आणि हमी घ्या. हार्ड डिस्कमध्ये मुलींचे फोटो, दाखले असतील तर ती काढून घरी ठेवूनच डबा द्या. फसवणूक झालीच तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्या बाजूला आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतूनही बोलता येते. बिल नसेल तर मात्र दाद मागणे अवघड जाते.

वीज आणि शिष्यवृत्ती

कुणी म्हणेल, समाजाच्या साप्ताहिकात पंखे आणि पिना कशाला? त्याचे उत्तर इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर वीजविकासाच्या धोरण समितीपुढे त्यांनी मांडले की वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण तिच्यावाचून उद्योग नाहीत आणि उद्योगांवाचून या देशातील गरिबांची दारिद्र्यातून सुटका नाही. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची सुरुवातही त्याच काळात, त्यांच्या पाठपुराव्याने झाली.

म्हणजे बघा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या मुलीसमोरच्या त्या जुन्या संगणकात बाबासाहेबांची ही दोन्ही कामे एकत्र येतात. तो संगणक सैल पिनेमुळे बंद पडावा, आणि तेवढ्यासाठी एका मुलीचे वर्ष वाया जावे, हे आपण चालू द्यायचे का?

आमची एक सूचना आहे. आपल्या मुलांपैकी कितीतरी जण चाकण, भोसरी, तळवड्याच्या कारखान्यांत मेंटेनन्सला आहेत. लाखोंच्या मशिनींचे दोष ते रोज शोधतात. त्यांनी महिन्यातून एका रविवारी, विहारात वंदना झाल्यावर, दोन तास द्यावेत. विहाराच्या खर्चातून एक मीटर, एक ब्लोअर, एक ब्रश, पेस्टची एक नळी आणि तपासणीपुरता एक चांगला एसएमपीएस घेऊन ठेवावा. दहा घरांना मिळून एक एसएमपीएस पुरतो. ज्याचा संगणक बंद पडतो त्याने तो घेऊन यावा, सर्वांसमोर उघडावा. आणि स्क्रू ड्रायव्हर मुलींच्याही हाती द्यावा. मुलीने पत्रा उघडला तर ती बिघडवेल, ही भीतीही तपासून पाहिल्याशिवाय मानू नये. वर सांगितलेल्या घरात कारण मुलीनेच शोधले होते.

पावसाळ्यात वीज कडाडू लागली की पिन भिंतीतून काढायला विसरू नका. अर्ज भरताना प्रत्येक पानाला 'सेव्ह' दाबा. मुदतीच्या शेवटच्या रात्रीची वाट पाहू नका. आणि ती वही संगणकाशेजारी दोरीने बांधून ठेवा.

जयभीम! नमो बुद्धाय!